स्लाइडवरचा दोरा

आमच्या घराच्या मागच्या अंगाला तांबट आळी होती. सकाळचं पाणी भरून होतं न होतं तोच हातोड्यांचा ठणठणाट सुरू व्हायचा, तो दिवेलागणीपर्यंत. पाहुण्यांची डोकी उठत. आम्हां घरच्यांना तो आवाज ऐकू येत नसे. तो थांबला म्हणजे मात्र ऐकू यायचा. माझा धाकटा भाऊ मधू तर त्या ठणठणाटातच जन्मला आणि त्याच्याच तालावर झोपायला शिकला. हातोडे चालू असले की पोर पाळण्यात गाढ, आणि थांबले की दोन मिनिटांत टाहो. अमावास्येला आमच्या आळीतले तांबट काम बंद ठेवत. त्या दिवशी घरात अशी काही शांतता पसरायची की आत्या कुजबुजत बोलायची आणि आई उगाचच मागं वळून बघायची. मी जे लिहायला बसले आहे ते अशाच एका अमावास्येला घडलं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. यजमानांना नाही, मुलींना नाही, आणि ज्याच्या बाबतीत ते घडलं त्या मधूला तर नाहीच. आता तोही सत्तरीला टेकला आहे आणि मला दोन्ही डोळ्यांनी धड दिसत नाही, तेव्हा लिहून टाकलेलं बरं.

माझे वडील, अण्णा, फोटोग्राफर होते. माडीवर उत्तरेकडचं अर्धं छप्पर काचेचं करून घेतलं होतं, तोच त्यांचा स्टुडिओ. मागं रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि दोन हंस. एका हंसाची मान चित्रकाराच्या हातून जरा जास्तच लांब झाली होती. नाशकातल्या निम्म्या घरांत त्या हंसापुढं बसलेलं कुणी ना कुणी अजून भिंतीवर असेल. बायाबापड्या मात्र परपुरुषासमोर खुर्चीवर बसायला तयार नसत. बसल्या तरी पदर नाकापर्यंत. म्हणून अण्णांनी आईला कॅमेरा शिकवला. नुसतं झाकण काढायचं नि घालायचं एवढंच शिकवायचा त्यांचा बेत होता. पण दोन वर्षांत आई काचा धुवायला शिकली, छापायला शिकली, आणि काचेवरचा दोष बारीक सुरीनं खरवडून काढण्यात तर अण्णांच्या पुढं गेली. देवीचे व्रण असलेली पोरगी तिच्या हातून गुळगुळीत गालांची होऊन सासरी दाखवायला जायची. अण्णांना हे ठाऊक होतं. बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

काचा धुवायची अंधारी खोली जिन्याखाली, स्वयंपाकघराला लागून होती. मध्ये दोन जाड पडदे. इकडं चुलीवर आमटी, तिकडं लाल कंदिलाखाली काच, आणि दोन्हींकडं एकटी आई. घड्याळ माडीवर असायचं, म्हणून तिनं युक्ती काढली होती. काच औषधात टाकली की ती आतून हाक मारायची, "इंदू, एकोणतिसाचा, चारदा." मग मी पडद्याबाहेर बसून एकोणतिसाचा पाढा चारदा म्हणायचा. एकोणतीस एके एकोणतीसपासून चौथ्यांदा दोनशे नव्वदला पोचले की ती काच उचलायची. शाळेत माझं गणित पक्कं म्हणून बाई कौतुक करत. ते गणित आमटीच्या वासात नि औषधांच्या उग्र दर्पात पाठ झालेलं होतं. आईची नखं त्या औषधांनी काळी पडलेली असत. कणीक मळण्याआधी ती चिंच घेऊन बोटं घासघास घासायची, तरी तो रंग जात नसे. आत्या तिच्या हातचं खात नव्हती. "एका हातानं विषाच्या बाटल्या नि दुसऱ्या हातानं पोराला पाजायचं," ती म्हणायची, "एक दिवस चुकेल हात."

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन आलेली. ती त्यांना बापू म्हणायची, ते तिला अक्का. तिला वाईट ठरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. आम्ही तापलो की रात्ररात्र तीच बसायची. पण तिच्या मनानं एक घेतलं होतं. माझ्यानंतर मला दोन भाऊ झाले आणि दोन्ही गेले. त्यांतल्या पहिल्याचा अण्णांनी बारशाला हौसेनं फोटो काढला होता, आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तो आटोपला. तेव्हापासून घरात दंडक झाला: पाच वर्षांच्या आतलं पोर काचेत उतरवायचं नाही. अण्णा चार बुकं शिकलेले; पण पोटच्या पोरापुढं शहाणपण कसलं चालतंय? गावातल्या मुलांचे फोटो भिंतभर, आणि फोटोवाल्याच्या घरच्या पोरांचा एक नाही. मधू तेव्हा दहा महिन्यांचा. त्याच्या दोन्ही मनगटांवर काळ्या मण्यांच्या मनगट्या, गळ्यात ताईत, आणि दर अमावास्येला आत्या त्यात एखाद्या दोऱ्याची भर घालायची.

आता एका दोऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे. फोटोची काच उजेड लागू नये म्हणून लाकडाच्या चपट्या चौकटीत बंद असते, तिला आम्ही स्लाइड म्हणायचो. ती कॅमेऱ्याच्या पाठीत सरकवायची, फोटो घ्यायचा, बंद करून बाहेर काढायची. कोरी स्लाइड आणि वापरलेली स्लाइड बाहेरून अगदी सारखी. म्हणून आईनं आमच्याकडे रीत पाडली होती: फोटो घेतला की त्याच क्षणी स्लाइडला लाल दोरा बांधायचा. अंधारातही बोटांना कळावं म्हणून दोऱ्याला एक तांब्याची कडी ओवलेली होती, शेजारच्या तांबटानं दिलेली, चवलीच्या नाण्यापेक्षाही लहान. कडी लागली की काच भरलेली, नाही लागली की कोरी. "इंदू, सगळ्याला हात लाव, पण या दोऱ्याला लावायचा नाही," हे मला आईनं शंभरदा सांगितलं असेल.

त्या दिवशी अण्णा चांदवडला एका लग्नाचे फोटो काढायला गेले होते. मोठा कॅमेरा आणि बऱ्याच स्लाइडा त्यांनी नेलेल्या. घरी लहान कॅमेरा, कोऱ्या काचा घातलेल्या दोन स्लाइडा आणि एकच दोरा. सकाळी आई भाकरी थापत होती. हातोडे बंद असल्यानं भाकरीवरची थापसुद्धा मोठी वाटत होती. तेवढ्यात मागच्या दारी हमीदाबीची जाऊ येऊन उभी राहिली. हमीदाबी म्हणजे आमच्या घरी बांगड्या भरायला येणारी मनियारीण. आईची नि तिची गट्टी. दोघींचीही लेकरं लहान, त्यामुळं बांगड्या भरताना गप्पा सगळ्या दातांच्या नि दुधाच्या.

"वैनी, मुन्नी गेली," जाऊ म्हणाली. "घसा धरला होता चार दिस. पहाटं फजरला गेली. हमीदा बोलत नाय, रडत बी नाय. येवढंच म्हणती, का वैनीला आण, तिचा फोटू काढून घे. दुपारच्या नमाजाला माती हाय."

मुन्नी तीन वर्षांची होती. आमच्या ओट्यावर बसून फुटक्या काकणांचे तुकडे रंगावार लावायची. आईनं हात धुतले आणि स्लाइडा पिशवीत भरायला घेतल्या.

आत्या दारात आडवी उभी राहिली. "बापू गावाला, आज अवस, अंगावर पितं पोर. आणि तू मढ्याचा फोटो काढायला निघालीस?"

"वन्सं, त्या पोरीची एकसुद्धा तसबीर नाही. आता दुपारपर्यंतच काय ते."

"आपल्याकडे तरी कुठं आहे?" आत्या म्हणाली. ती दंडकाच्या बाजूनं म्हणाली, समाधानानं. पण आई ते ऐकून उंबऱ्यात थबकली आणि पाळण्याकडे वळून पाहत राहिली. मग माझ्या खांद्यावर कॅमेऱ्याची तिपाई दिली आणि आम्ही निघालो.

भद्रकालीच्या पलीकडे त्यांचं घर. गल्लीत माणसं गोळा झाली होती, पण बोलत कुणी नव्हतं. हमीदाबीचा नवरा दाराशी उभा होता. त्याच्या घरात तसबिरी चालत नव्हत्या, आणि वडीलधाऱ्यांनी त्याला सकाळीच बजावलं असणार. आईला पाहून त्यानं मान खाली घातली, रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "मी इकडं बघतोय, वैनी. मला काय बी माहीत नाय." आम्ही तिथून निघेपर्यंत त्यानं तोंड वळवलं नाही. आत मुन्नीला अजून न्हाऊ घालायचं होतं. ईदेची हिरवी ओढणी अंगावर, एका बाजूला घडी घातलेलं काळं घोंगडं. आईनं तिपाई मांडली, काळ्या फडक्यात डोकं घातलं, बाहेर आली, झाकणाला हात घातला, आणि लहान मुलांचे फोटो घेताना म्हणायची तेच सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं. "हलू नको हं, बाळ."

तोवर भिंतीला टेकून बसलेल्या हमीदाबीनं ते ऐकलं आणि मग ती रडली. आईनं झाकण काढून सहा आकडे मोजले. मी तिच्याजवळ होते म्हणून मला कळलं, ते आकडे ती कसे मोजत होती ते. मग तिनं स्लाइड काढून तिला लाल दोरा बांधला. बांधला. हे मी दोनदा लिहिते आहे, कारण पुढं सगळ्यांनी उलटं सांगितलं, आणि आईनंही.

घरी आल्यावर आत्यानं आम्हांला मागच्या दारीच थांबवलं. अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय घरात पाऊल नाही. माझी अंघोळ आधी झाली. आईचे केस लांब, तिला वेळ लागणार होता. आत्या सोवळ्यात भात उतरवत होती. मी स्लाइडांची पिशवी माडीवर नेऊन टेबलावर मोकळी केली. खाली मधू जागा झाला. हातोडे नव्हते, त्याला झोप कुठली? आत्यानं ओरडून सांगितलं, "इंदे, त्याला घे, मला शिवता येत नाही." मी त्याला माडीवर आणलं. खुळखुळा दिला, फेकला. हंस दाखवले, बघेना. रडून रडून निळा पडायला लागला. आणि मग त्याला टेबलावरची तांब्याची कडी दिसली. काचेच्या छपरातून ऊन पडलं होतं, कडी लकाकत होती. तो रडायचा थांबला. मी दोरा सोडला, त्याच्यापुढं झुलवला, तो हसला, आणि मी तो दोरा त्याच्या मनगटावर बांधून टाकला, मनगटीच्या शेजारी. नऊ वर्षांच्या पोरीला जेवढी अक्कल असते तेवढ्या अकलेनं मी ठरवलं की तो झोपला की परत बांधू. तो कडी चोखत चोखत खरंच झोपला. मला भूक लागली होती. मी जेवायला खाली गेले.

जेवण झाल्यावर आत्या पंचवटीत पुराणाला गेली. तिची पावलं गल्लीच्या टोकाला गेल्यावर आई माडीवर आली, आणि मधू गादीवर झोपलेला पाहून बराच वेळ उभी राहिली. तिचे केस ओले होते. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "इंदू, तू काही पाहिलं नाहीस." हमीदाबीच्या नवऱ्यासारखंच झालं हे. तिनं त्याच्या अंगावर माझं जुनं पांघरूण सारखं केलं, कॅमेरा लावला, टेबलावरून एक स्लाइड उचलली, बोटं फिरवून पाहिली. दोरा नाही, म्हणजे कोरी. मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, दोनांतली दुसरी असेल. आणि मला वाटलं, आता सांगितलं तर मार मिळेल. दोन्ही एकदमच वाटलं. आईनं झाकण काढलं, आणि या वेळी "हलू नको" असं काहीच म्हणाली नाही.

ती लगेच दोन्ही स्लाइडा घेऊन जिन्याखाली गेली. मी धावत जाऊन मधूच्या मनगटावरचा दोरा सोडून घेतला. आतून हाक आली, "इंदू, मुन्नीच्या स्लाइडचा दोरा दिसत नाही गं. तू पाहिलास?"

दोरा माझ्या मुठीत होता. कडी तळहाताला रुतत होती. मी म्हटलं, "नाही."

"पडला असेल वाटेत," ती पुटपुटली. "बरं, म्हण. एकोणतिसाचा, चारदा."

मी म्हणायला लागले. बाहेर हातोडे नव्हते, त्यामुळं माझाच आवाज मला परका वाटत होता. एकोणतीस त्रिक सत्याऐंशी. पहिला पाढा झाला. दुसऱ्याच्या मध्यावर आतून एक आवाज आला, श्वास आत ओढल्यासारखा. मी थांबले. "म्हण," आई म्हणाली, "थांबू नकोस." मी चौथ्यांदा दोनशे नव्वदला पोचले तरी तिनं पुरे म्हटलं नाही. पाचव्यांदाही नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ओली काच होती आणि तिनं ती उजेडाला धरली. उलट्या रंगातही मला कळलं. एकाच काचेवर दोन पोरं निजली होती. मुन्नी तिच्या जागी, आणि काळ्या घोंगड्याच्या जागी आमचा मधू. त्याचा एक हात तिच्या ओढणीवर पडलेला, लहान मुलं झोपेत एकमेकांवर टाकतात तसा. दुसरी काच कोरी निघाली.

"इंदू," आई म्हणाली, "तुला काही सांगायचंय?"

मी म्हटलं, "नाही."

तिनं माझ्याकडं फार वेळ पाहिलं नाही. "जा, बाळाला बघ," म्हणाली. मी गेले आणि वाटेत तो दोरा जिन्याच्या फळ्यांमधल्या फटीत सारला.

दुसऱ्या दिवशी आईनं काच उन्हात छापायला ठेवली. उन्हातल्या चौकटींवर लक्ष ठेवायचं काम एरवी माझं असे. त्या दिवशी तिनं मला गच्चीवर येऊ दिलं नाही. आत्यानं मात्र काच छापून परत ठेवल्यावर पाहिली. तिला उलटे रंग वाचता येत नव्हते, असं आम्ही समजत होतो. तिनं काच खिडकीशी धरली. ती ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "मेलेल्या पोरीच्या कुशीत घातलास गं त्याला." त्या रात्री मधूनं दूध घेतलं नाही. सकाळी अंग तापलेलं, आणि रडण्याचा आवाज घोगरा.

आजच्या डॉक्टरांना विचारलं तर ते सांगतील की घटसर्प काचेतून येत नाही. आला असेल तर आईच्या किंवा माझ्या श्वासातून, त्या घरातून आला असेल. माझ्या थोरल्या जावयानं मला तसं समजावलं आहे. पण तो ताप मी पाहिला आहे. हातोडे परत सुरू झाले होते आणि तरी मधू झोपत नव्हता. त्याचा श्वास करवतीसारखा येत होता. मी पाळण्याच्या पायाशी बसून सारखी एकच गोष्ट मनात म्हणत होते, की दोरा मी सोडला, दोरा मी सोडला. तोंडातून ते आलं नाही. जसजसा त्याचा श्वास वाईट होत गेला तसतसं ते सांगणं जास्त जास्त अशक्य होत गेलं.

निरोप मिळाल्यावर अण्णा चांदवडहून आले ते सरळ डॉक्टरला घेऊनच आत आले. डॉक्टरनं घसा पाहिला, सुई टोचली आणि दोन दिवस कळ काढा म्हणून सांगितलं. मग अण्णांनी विचारलं, काय झालं. आत्यानं सांगितलं. अण्णांनी काच पाहिली आणि आईला एवढंच विचारलं, "दोरा?"

"बांधायचा राहिला," आई म्हणाली. "माझं लक्ष घरी होतं, बाळाकडं. घाईत राहिला."

मी तिथंच होते. तिचं वाक्य मी ऐकलं.

"दोन डगरींवर हात ठेवल्यावर दुसरं काय होणार?" आत्या म्हणाली. "बापू, ती काच फोडून गंगेत सोड. आणि हिचा हात यातून काढ. बाईनं एक काय ते सांभाळावं."

"काच नाही फोडायची," आई म्हणाली. "ती आपली नाही. हमीदाबीकडं तेवढंच आहे."

"त्यावर माझं पोर आहे," अण्णा म्हणाले.

"ते मी काढते."

कुणाला आधी कळलंच नाही. मग अण्णांना कळलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. काचेवरचं नको ते सुरीनं खरवडूनच काढायचं असतं. आत्यानं पाळण्याकडं हात केला. "जिता आहे गं तो," ती म्हणाली. "पलीकडं तो श्वासाला लागलाय, आणि तू त्याचं तोंड खरवडणार?"

आईला भीती वाटली नसेल असं नाही. तिनं अण्णांकडं पाहिलं. खरवडायचं तर ते अण्णाही करू शकले असते. पण जिथं मधूचा हात मुन्नीच्या ओढणीवर पडला होता तिथलं काम अण्णांच्या हातचं नव्हतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. अण्णा म्हणाले, "अक्का म्हणते ते मला पटत नाही. पण हे झाल्यावर तू यात पडू नकोस. मला आता हिंमत नाही." आई म्हणाली, "एवढं पुरं करू द्या. मग नाही हात लावणार." एका वाक्यात तिनं ते देऊन टाकलं. सात वर्षांत जे शिकली ते सगळं.

ती पाळण्याशेजारीच बसली. एका पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी, डोळ्याला अण्णांचं भिंग, हातात सुरी. आधी तिनं मधूचा चेहरा काढला. तिथं ती थांबली नाही. मग पोट, मग पाय. पण त्या हातापाशी तिला सबंध दुपार लागली. भिंग लावून ती त्या मनगटावर वाकून राहिली होती, इतकी, की मला वाटलं तिला डुलकी लागली. सुरीचा आवाज अगदी बारीक, उंदीर कागद कुरतडतो तसा. मधून मधून ती सुरी ठेवून मधूच्या नाकापुढं हात धरायची, आणि परत सुरी उचलायची. आत्या देवापुढं, आमच्याकडं पाठ करून बसली होती. त्या दुपारी घरात कुणी जेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मधूनं दूध मागितलं. घसा सुटला होता. सुईनं सुटला, नवसानं सुटला, की त्याचं त्याच्या आयुष्यानं, ज्याला जे मानायचं ते त्यानं मानलं.

हमीदाबी फोटो न्यायला आली तेव्हा आईनं तो पदराखालून काढून दिला. मुन्नी एकटी, शांत, शेजारी काळं घोंगडं. हमीदाबीनं फोटोकडं पाहिलं, मग आईची काळी बोटं धरून आपल्या डोळ्यांना लावली. "तुमच्या हाताला अल्ला बरकत देवो, वैनी," म्हणाली. आत्या मागच्या खोलीतून ऐकत होती. आई म्हणाली, "बस, बांगड्या भर माझ्या." त्यानंतर आईनं कॅमेऱ्याला हात लावला नाही. बायका येत, विचारत, परत जात. अण्णांच्या हातचे फोटो तेवढे गुळगुळीत होईनात, आणि पुढं पुढं लोक दुसऱ्या स्टुडिओत जायला लागले. आईच्या नखांवरचा काळा रंग महिन्या-महिन्यानं वर सरकत गेला आणि एक दिवस कातरला गेला. तिचे हात इतर बायकांसारखे दिसायला लागले. आत्या तिच्या हातची भाकरी खायला लागली. मला एकोणतिसाचा पाढा कुणी म्हणायला सांगितला नाही.

माझं लग्न सिन्नरला झालं. माहेरपण संपवून मी निघाले की आई उंबऱ्यापर्यंत यायची, ओटी भरायची, आणि दर वेळी विचारायची, "इंदू, काही सांगायचं राहिलंय का गं?" सगळ्या आया असंच काहीतरी विचारत असतील, असं मला वाटायचं. सासरी जाच आहे का, हातात पैसे आहेत का, तसलं. मी दर वेळी म्हणायची, "नाही, काही नाही." ती मान हलवायची. अखेरच्या आजारात तिनं हेच विचारलं, आणि मी हेच सांगितलं.

ती गेल्यावर तिची ट्रंक मी आणि मधूची बायको उघडून बसलो. तळाशी चोळीच्या खणात गुंडाळलेला एक फोटो होता. दोन पोरं शेजारी शेजारी निजलेली. सुरी लागण्याआधीचा, गच्चीवर एकटीनं छापलेला तो फोटो. मधूच्या बायकोनं विचारलं, "ही कोण दोघं?" मी म्हटलं, कुणी गिऱ्हाईकाची असतील. मग ती चहा टाकायला गेल्यावर मी अण्णांचं भिंग काढलं आणि मधूच्या मनगटावर धरलं. मण्यांच्या शेजारी दोऱ्याची काळी रेघ होती, आणि तिच्यात अडकलेलं एक पांढरं, लख्ख, चवलीपेक्षा लहान वर्तुळ.